अल्प उत्पन्न गटाचा दंतोपचाराचा हक्क : बारामती व इंदापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बारामती व इंदापूर या तालुक्यांत उसाबरोबर शेतमजूर व हंगामी ऊसतोड मजूर यांचा मोठा वर्ग आहे. ग्रामीण भागात मशेरीची सवय जुनी असून दातदुखी अंगावर काढण्याचीही रीत आहे. या वर्गाला शासनाने दंतोपचाराचा हक्क कितपत दिला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात दंतसेवेचा विचार झाला होता. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने मात्र व्यवसायाचे नियमन केले. रुग्णाचा हक्क त्याचा विषय नव्हता. पुढे २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेने धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवल्या. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले.

हक्काचे स्वरूप व मर्यादा :
या तरतुदींचे मोजमाप खाट व शस्त्रक्रिया हेच राहिले. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया विमा योजनेत बसते. परंतु किडलेला दात भरणे किंवा कवळी बसविणे हे बाह्यरुग्ण उपचार तीत बसत नाहीत. म्हणजे आजार विकोपाला गेल्यावरच हक्क सुरू होतो.

ही उणीव सार्वजनिक रुग्णालयांनी भरून काढणे अपेक्षित आहे. २०१२ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत दंतशल्यचिकित्सकाचे पद सामुदायिक आरोग्य केंद्राच्या स्तरावर आहे. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावातील मजुरास दातासाठी मोठ्या गावी जावे लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयाबाहेर राहिली. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने हा भेद येथे महत्त्वाचा ठरतो.

निष्कर्ष :
शुल्कमाफीने दंतोपचार मोफत झाला, तरी तो सुलभ झाला असे म्हणता येत नाही. दात वाचविण्यास अनेक खेपा लागतात व प्रत्येक खेपेस रोजगार बुडतो. दात काढणे बहुधा एका खेपेत होते. म्हणूनच मजूर दात गमावणे पत्करतो. दंतसेवा गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ठराविक दिवशी मिळू लागेल, तेव्हाच हा हक्क कागदावरून प्रत्यक्षात उतरेल.