शह, चेक आणि लोकशाही

बँकेत चेक वटतो, एसटीत तिकीट चेक होतं, दवाखान्यात बीपी चेक करतात, आणि कापडाचा दुकानदार विचारतो, "प्लेन दाखवू की चेक्समध्ये?" मुंबईच्या वेशीवर मुलुंडचा चेकनाका आहे, २०१७ साली जकात गेली, नाव राहिलं. पैसे, तपासणी, कापडावरच्या चौकटी, रस्त्यावरचा अडसर. अर्थ इतके लांबलांबचे की हे चार वेगळे शब्द असावेत असंच वाटतं. चेक प्रजासत्ताकातला 'चेक' खरोखरच वेगळा आहे, ते त्या लोकांचं नाव. बाकीचे सगळे मात्र एकाच घरातले, आणि ते घर बुद्धिबळाच्या पटावरचं आहे.

आपला चतुरंग इराणात गेला. तिथे समोरच्याच्या राजावर मारा आला की खेळाडू 'शाह!' म्हणून त्याला सावध करायचा. पुढे अरबांच्या हातून खेळ युरोपात पोचला. 'शाह'चं मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकस' झालं, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि इंग्रजीने पहिला स्वर गाळून 'चेक' केलं. 'चेस' हे खेळाचं नाव त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलं. 'चेकमेट' म्हणजे सरळ 'शाह मात'. यातल्या 'मात'चा अर्थ अरबीच्या आधाराने 'मेला' असा सांगितला जातो, पण फारसीत तो 'निरुपाय झाला' असा आहे, आणि खेळाला तोच शोभतो. बुद्धिबळात राजा कधी मरत नाही, त्याला जायला घर उरत नाही.

शह बसला की मनातला डाव बाजूला ठेवून आधी राजाची सोय बघावी लागते. म्हणून 'चेक' म्हणजे अटकाव. अटकावातून नियंत्रण आलं, नियंत्रणातून पडताळणी, आणि पडताळून झालं म्हणून कागदावर केलेली बारीकशी खूण. हा प्रवास समजायला सोपा आहे. पैशांपर्यंतची वाट जास्त रंजक.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायला एक मोठं मेज असे, सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्यावर रेघा आखलेलं काळं कापड अंथरलेलं. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणत, त्यावरून या मेजाला आणि मग सगळ्या खात्यालाच 'एक्स्चेकर' नाव पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवतो. कापड नुसतं शोभेचं नव्हतं. हिशेब रोमन आकड्यांत लिहायचे, त्यात शून्य नाही, स्थानाची किंमत नाही; बेरीज-वजाबाकी कागदावर करणं महाकठीण. म्हणून पेन्स, शिलिंग, पौंड, विसा, शेकडे, हजार यांचे वेगवेगळे रकाने पाडून त्यांत सोंगट्या मांडत. रकाना रिकामा राहिला की शून्याचं काम आपोआप व्हायचं. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७७च्या सुमारास या खात्यावर लॅटिनमध्ये एक संवादग्रंथ लिहायला घेतला. मेजाची आणि कापडाची हकिगत त्यातलीच. त्याला नावाचं कारणही दिसत होतं: पटावर जशा दोन राजांच्या फौजा भिडतात, तसे इथे खजिनदार आणि हिशेब द्यायला आलेला शेरीफ समोरासमोर बसतात.

बँकेचा चेक त्यानंतर कितीतरी शतकांनी आला. अठराव्या शतकात पैसे देण्याच्या चिठ्ठीची जी स्थळप्रत राहायची, तिला 'चेक' म्हणत, कारण तिच्यावरून लबाडी पकडता यायची. पुढे नाव चिठ्ठीलाच चिकटलं. ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग एक्स्चेकरच्या धर्तीवर बदललं, अमेरिकेने साधंच ठेवलं. कापडावरचे चेक्स तर थेट पटाच्या घरांवरून आलेले.

मराठीत ही मंडळी दोन वाटांनी आली, याचं मला फार अप्रूप वाटतं. इंग्रजांकडून आलेल्या चेकला आपण हुंडीचं क्रियापद दिलं. हुंडी वटायची तसा चेक वटतो. सरकारी 'धनादेश' छापील कागदावर राहिला. पण त्याच्या कितीतरी आधी फारसीतून तोच शब्द 'शह' होऊन आला होता. खेळाचं नाव आपण 'बुद्धिबळ' ठेवलं, तरी शह, मात, वजीर, प्यादं हे सगळं फारसीच. राजकारणाची बातमी तर शह-काटशहाशिवाय पुरी होत नाही.

आणि 'शाह' तेवढ्यावर थांबला नाही. आदिलशाही, निजामशाही यांतली 'शाही' राजाची होती, ते ठीक. पण नोकरशाही, घराणेशाही, हुकूमशाही आणि अगदी लोकशाहीतही तोच इराणचा राजा बसला आहे. मराठीने त्याचा मुकुट उतरवून 'सत्ता' एवढाच अर्थ ठेवला आणि ती सत्ता लोकांच्या नावापुढे जोडली. असा प्रत्यय घडवणं हे मला भाषेच्या मोठ्या कर्तबगारीचं काम वाटतं.

मागे गेलं तर नातं आणखी जवळचं निघतं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस दारियसने बेहिस्तूनच्या कड्यावर स्वतःला 'राजांचा राजा' म्हणून कोरून घेतलं; त्या जुन्या फारसीत राजाला 'क्षायथिय' म्हणत, त्याचाच झिजून 'शाह' झाला. राज्य करणे या अर्थाचा जो धातू त्यात आहे, तोच संस्कृतातल्या 'क्षत्र'मध्ये आणि म्हणून 'क्षत्रिय'मध्येही.

नातं जोडताना सांभाळून मात्र जोडावं लागतं. शहाजिऱ्यातला 'शहा' राजाचाच आहे. पण शाहीर अरबी 'शायर'चा, शहाणा हिंदीतल्या 'सयाना'चा भाऊ, आणि शहामृगात तर ना शाह आहे ना मृग. तो फारसी 'शुतुरमुर्ग', म्हणजे उंटासारखा पक्षी.