नीळ: माठातून रक्तवाहिनीपर्यंत

रंगरेज, नीलगर ही आडनावं महाराष्ट्रातल्या मुस्लिम वस्त्यांत आजही भेटतात. धंदा मात्र क्वचितच कुणाच्या हाती उरलाय. गंमत म्हणजे या आडनावांचा एक धागा आज थेट हॉस्पिटलात पोचतो, रक्तवाहिन्यांचे आजार शोधणाऱ्या कॅमेऱ्यापाशी.

निळीच्या माठातून बाहेर काढलेलं कापड आधी पिवळट-हिरवं दिसतं. हवा लागली की निळं होतं. ही हवेतल्या ऑक्सिजनची करामत. नीलगराच्या हातांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती, पण कागदावर उतरली ती जर्मनीत. ॲडॉल्फ फॉन बायर हा रसायनशास्त्रज्ञ निळीमागे लागला आणि 1866 साली त्याने तिच्यापासून ‘इंडोल’ हा पदार्थ मिळवला. इंडोल हे नाव इंडिगोवरून आलं आणि इंडिगो हे इंडियावरून. पुढे 1883 साली त्याने निळीची रासायनिक रचना सांगितली आणि 1897 साली बीएएसएफ कंपनीची कारखान्यातली नीळ बाजारात आली. शेतातल्या निळीचा भाव कोसळला. गिरणीचं रंगीत कापड तर आधीच आलं होतं. नीलगराचं कसब या कात्रीत सापडलं.

याच बायरने 1871 साली फ्लुरोसिन नावाचा चमकणारा रंग तयार केला होता. नव्वद वर्षांनी, 1961 साली, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होटनी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तो हाताच्या शिरेत टोचून डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मधुमेहाने झिरपणारी रक्तवाहिनी या फोटोत उजळून दिसते.

दुसरा रंग आला 1957 साली. मेयो क्लिनिकमध्ये अर्ल वुड आणि त्यांचे सहकारी हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं, हे मोजत होते. त्यासाठी रक्तात रंग सोडायचा आणि पुढे तो किती विरळ झाला ते पाहायचं. अडचण अशी की ऑक्सिजन कमी-जास्त झाला की रक्ताचा स्वतःचाच रंग बदलतो आणि मोजमाप चुकतं. पण सुमारे 800 नॅनोमीटरच्या प्रकाशात हा फरक उरत नाही. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला अवरक्त म्हणतात. तो शोषणारा रंग कोडॅक कंपनीकडे होता, कारण फोटोच्या फिल्मला असा प्रकाश टिपता यावा म्हणून तिथले रसायनतज्ज्ञ सायनिन जातीचे रंग बनवतच होते. अशा रीतीने ‘इंडोसायनिन ग्रीन’ आला. त्याच्या रेणूत इंडोल आहे, म्हणजे नावातही आपली नीळ आहे.

1959 साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. हा रंग अवरक्त प्रकाशात चमकतो. तो प्रकाश चामडी आणि रक्त थोडं पार करून येतो, म्हणून पडद्यामागच्या खोल रक्तवाहिन्याही दिसतात. बायपास करताना नव्या जोडातून रक्त वाहतंय का, मधुमेह्याच्या पायापर्यंत ते पोचतंय का, हेही त्याने तपासता येतं. धमनीत साचलेल्या, सुजलेल्या चरबीत तो उतरतो, हे 2011 साली सशांवर दाखवलं गेलं. माणसाच्या हृदयाच्या धमन्यांसाठीचा हा वापर अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

या ज्ञानाची एक वाट महाराष्ट्रातूनही जाते. 1957 सालीच कृष्णस्वामी वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याआधी मुंबईच्या यूडीसीटीत त्यांनी रंगरसायनाचे विद्यार्थी घडवले. कृत्रिम रंगांवरच्या त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड 1952 साली निघाले. 1971च्या चौथ्या खंडात सायनिन रंगांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्यानंतर प्रयोगशाळेची सूत्रं बाळ दत्तात्रेय टिळक या रंगरसायनाच्याच अभ्यासकाकडे आली.

मला इथे एक गोष्ट बोचते. नीलगराचं ज्ञान हातात राहिलं, वहीत आलं नाही. शाळेशी त्याची गाठ पडली नाही, म्हणून बाजार फिरला तेव्हा हात रिकामे झाले. आज आपण त्या धंद्याचे गोडवे गातो. त्यापेक्षा त्या घरांतली पोरं-पोरी रसायनशास्त्राच्या वर्गात किती बसतात, हे मोजायला हवं.

आणि एक निकडीची गोष्ट. आमच्या राहूकडे, भीमा आणि मुळा-मुठेच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात, ‘शिरेत रंग घालतात’ म्हटलं की माणूस घाबरतो. फ्लुरोसिनने कातडी आणि लघवी दिवसभर पिवळी दिसते, मग उतरते. इंडोसायनिन यकृतावाटे बाहेर पडतो. ॲलर्जी असेल, विशेषतः आयोडीनची, तर ती डॉक्टरांना आधी सांगावी. प्रत्येकाला या रंगांची गरज पडतेच असं नाही. पण मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, नजर चांगली असली तरी. पडदा बिघडू लागतो तेव्हा सुरुवातीला दुखत नाही आणि कळतही नाही.