सुवर्णाक्षरे आणि पासोडी : बीदर परिसरातील ग्रंथसजावटीचा इतिहास



ज्या गुरुजनांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी सीमाभागातील तीन पिढ्यांना अक्षर गिरवावयास शिकविले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी अक्षराचाच विषय घेतला आहे. ग्रंथ जसा वाचावयाचा असतो, तसाच तो पाहावयाचाही असतो, हे छापील पुस्तकांच्या युगात आपण विसरलो. मध्ययुगात मात्र ग्रंथ घडविणे हा लेखक, लहिया, रंगारी आणि बांधणी करणारा कारागीर यांचा एकत्रित उद्योग होता.

आपल्या कन्नड-मराठी मुलखात जुने ग्रंथ ताडपत्रावर लिहिले जात. ताडपत्राची पट्टी अरुंद. तिच्यावर चित्राला जागा थोडी. तरीही मूडबिद्रीच्या जैन मठात जतन झालेल्या बाराव्या शतकातील धवला ग्रंथाच्या पत्रांवर रंगीत आकृती आढळतात. कागद रुळल्यावर चित्र फळले. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गाव तर हातकागदाच्या नावानेच ओळखले गेले. कागदावर खळ चढवून तो घोटावयाचा, काजळ व डिंक खलून शाई करावयाची, बोरूने लिहावयाचे, शीर्षके हिंगुळाने तांबडी करावयाची आणि चूक झाल्यास तिच्यावर हरताळ फासावयाचा, अशी ही रीत होती. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो; तो लहियाच्या बैठकीतून भाषेत आला आहे.

सन १३४७ मध्ये गुलबर्ग्यास बहामनी राज्य स्थापन झाले आणि पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने राजधानी बीदरला आणली. इराणातून विद्वान, सूफी, सुलेखनकार आणि नक्काश येथे येऊ लागले. त्यांच्यासमवेत सजविलेल्या ग्रंथाची इराणी कल्पना आली. तीत आरंभी नक्षीचे शीर्षपट्ट असे, मजकुराभोवती रंगीत रेघांची चौकट असे, सोन्याचा वर्ख डिंकात खलून केलेली शाई असे आणि बदख्शानच्या लाजवर्दी दगडाचा निळा रंग असे. या कलेचा दरबारी थाट कसा असेल, हे पाहावयाचे असल्यास बीदरजवळ अष्टूर येथे जावे. सन १४३६ मध्ये निधन पावलेल्या अहमदशहाच्या कबरीच्या आतील भिंती व घुमट सोनेरी, हिंगुळी आणि निळ्या अक्षरांनी व वेलबुट्टीने भरलेले आहेत. ग्रंथाचे एक सजविलेले पान वाढवून घुमटाएवढे करावे, तसे ते दिसते. त्या उरुसास कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम येतात. अक्षर कोणाचे आणि भक्ती कोणाची, अशी वाटणी या मुलखाने फारशी मानली नाही.

वजीर महमूद गवान याने सन १४७२ मध्ये बीदरला मदरसा पूर्ण केला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते, असे परंपरा सांगते. गवान स्वतः पत्रलेखनकलेचा जाणकार. त्याचा ‘रियाझ-उल-इन्शा’ हा पत्रसंग्रह प्रसिद्ध आहे. सन १४८१ मध्ये खोट्या आरोपावरून त्याचा शिरच्छेद झाला. पुढे सन १६१९ मध्ये बीदर विजापूरकरांच्या आणि सन १६५७ मध्ये मोगलांच्या हाती गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने मदरशाचा मोठा भाग कोसळला. झिलईदार फरशांवरची अक्षरे अंशतः उरली. ग्रंथ मात्र तेथे उरले नाहीत.

दख्खनच्या इतर दरबारांतील सचित्र ग्रंथांची गतही पाहण्यासारखी आहे. विजापूरला सन १५७० मध्ये सिद्ध झालेला ‘नुजूम-उल-उलूम’ आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे, तर ‘पेम नेम’ हे दखनी प्रेमकाव्य लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. निजामशाहीतील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ मात्र सुदैवाने पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. आफताबी कवीच्या या ग्रंथात मूळची चौदा चित्रे होती, त्यांपैकी बारा उरली आहेत. हुसेन निजामशहाच्या शेजारी राणी खुंजा हुमायूं दाखविलेली होती. सन १५६९ मध्ये तिच्या मुलाने तिची सत्ता काढून घेऊन तिला कैदेत टाकले. आणि चित्रांतील तिच्या आकृती बहुतेक ठिकाणी पुसल्या वा रंगाने झाकल्या गेल्या. दरबारी ग्रंथ सत्तेच्या आश्रयाने जन्मतो. सत्ता फिरली की त्याचे पानही फिरते.

आता याच बीदरच्या अंमलातील दुसरा ग्रंथ पाहू. दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे सन १५५१ मध्ये, नारायणपेठ येथे झाला. वडील दिगंबरपंत हे बीदरच्या सत्तेचे देशपांडे. सारा थकल्यामुळे मुलाला बीदरला ओलीस ठेवले आणि दत्ताजी पाडेवाराच्या रूपाने दत्तप्रभूंनी रक्कम भरली, ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे. पुढे दासोपंत आंबेजोगाईस स्थिरावले. ‘गीतार्णवा’सारखा सव्वा लक्ष ओव्यांचा ग्रंथ रचणाऱ्या या संतकवीला रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. त्यांनी ‘पंचीकरण’ हे प्रकरण लिहिले ते सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा जाड कापडावर. पांघरावयाच्या पासोडीवर सुमारे सोळाशे ओव्या आणि तत्त्वांची मांडणी उलगडणाऱ्या आकृती त्यांनी उतरविल्या. येथे आकृतीचे प्रयोजन शोभेचे नाही; पंचमहाभूतांचा विस्तार श्रोत्याच्या डोळ्यांपुढे उभा करणे, हे ते प्रयोजन आहे. ज्या शिक्षकाने फळ्यावर आकृती काढून धडा समजावला असेल, त्याला ही पासोडी आपलीच वाटेल. ती आजही आंबेजोगाईस आहे.

सुवर्णाक्षरी ग्रंथ परदेशी गेले आणि साधी पासोडी घरी राहिली, असे का व्हावे? माझ्या मते, जो ग्रंथ संपत्ती म्हणून जपला जातो, तो लूट, नजराणा किंवा विक्री यांच्या वाटेने हिंडत राहतो. जो ग्रंथ उपासनेचा भाग होतो, त्याला वारस मिळतात. परंतु उपासनेतही एक धोका आहे. देवघरातील रुमालात बांधलेली पोथी वर्षातून एकदा गंधफुलाने पुजली जाते, उघडली मात्र जात नाही. तिला वाळवी लागते; अखेर ‘जीर्ण झाली’ म्हणून ती नदीत सोडली जाते.

आपल्या भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत हा प्रश्न अधिक बिकट आहे. सन १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मोडी व बाळबोध पोथ्या वाचणारे हात येथे कमी होत गेले. मराठी पोथी कन्नड शाळेत शिकलेल्या नातवाच्या घरी, फारसी कागद ते न वाचणाऱ्या कुटुंबात, आणि कन्नड ताडपत्रे कुलुपात, अशी स्थिती आहे. केंद्र सरकारने सन २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू केले. परंतु घरातील रुमाल कोणत्या घरात आहे, हे दिल्लीला कसे कळावे? ते गावच्या शाळेला कळू शकते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. पोथी कोणाला देऊन टाका, असे मी म्हणत नाही. ती उघडा, कोरड्या जागी सुती कापडात ठेवा, पानांचे क्रम न मोडता छायाचित्रे घ्या आणि त्यांची एक प्रत या शाळेत ठेवा. भाषा कोणती, लिपी कोणती, याचा विचार नंतर जाणकार करतील. गवानाचे ग्रंथालय आपण परत आणू शकत नाही; आपल्या माळ्यावरचा रुमाल मात्र आपल्या हाती आहे. एवढे झाले, तर ज्यांच्या नावे आपण येथे जमलो आहोत त्यांना दिलेली ती खरी गुरुदक्षिणा ठरेल.