एका घरातले दोन संगणक

जिवतीसारख्या डोंगराळ तालुक्यातल्या एका शिक्षक दांपत्याची कल्पना करू या. घरात दोन संगणक. निकालपत्रक एकावर भरायचे, दुसऱ्यावर तपासायचे. पेन ड्राइव्हने ने-आण सुरू होते आणि आठवड्याभरात निकालपत्रकाच्या दोन प्रती होतात. दोन्हींत दुरुस्त्या झालेल्या. मग खरी कोणती? हा प्रश्न जुना आहे.

एप्रिल १९७१ मध्ये आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेतील एमआयटीत असताना फाइल पाठवण्याच्या नियमांचा मसुदा लिहिला. अर्पानेट या जाळ्यावरचे संगणक निरनिराळ्या घडणीचे होते. फाइल साठवण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. म्हणून बोलण्याचे सामाईक नियम, म्हणजेच प्रोटोकॉल, हवे होते. हाच एफटीपी. पण एफटीपी फाइलची नक्कल पाठवतो. प्रती पुन्हा दोनच!

१९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस आणला. यात फाइल एकाच संगणकावर राहते. दुसरा संगणक ती स्वतःचीच असल्यासारखी उघडतो. आयबीएममध्ये जन्मलेला आणि पुढे विंडोजने स्वीकारलेला एसएमबीही असाच. मात्र एनएफएस ही युनिक्सची भाषा आणि एसएमबी ही डॉस-विंडोजची. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने तारेतून जाणारे संदेश टिपून एसएमबीचे नियम ओळखले आणि ते युनिक्सला शिकवले. गोंडी न येणारा माणूस बाजारात ऐकून ऐकून ती शिकतो, तसेच हे. त्या आज्ञावलीचे नाव पुढे ‘सांबा’ पडले.

मग आपण काय निवडावे? फाइल एकदाच द्यायची असेल तर पेन ड्राइव्ह पुरे. तीच फाइल दोघांनी वापरायची असेल तर एसएमबी बरा: एकाने निकालपत्रक उघडले की दुसऱ्याला सहसा ते फक्त वाचता येते, त्यामुळे दुरुस्त्या एकमेकींवर चढत नाहीत. घरातला राउटर चालू असला की झाले. बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी काम अडत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवावी. विंडोजमधील तिच्याच त्रुटीतून मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला होता. आणि एकच प्रत वापरताना तिची राखीव नक्कल, तारीख घालून, वेगळी ठेवावी. निकालपत्रक असलेला संगणकच बिघडला, तर दुसऱ्यावर काहीच उरलेले नसते.