मातेरा : गुहांचे नव्हे, पाण्याचे शहर

१७ मे १९५२ रोजी इटलीत ६१९ क्रमांकाचा कायदा झाला. दक्षिणेतल्या बाझिलिकाता प्रांतातील मातेरा या गावाच्या जुन्या वस्तीतून माणसे बाहेर काढून त्यांना नवी घरे देण्याचा हा कायदा. वस्तीचे नाव सास्सी, म्हणजे सरळ अर्थाने ‘दगड’. तिथे त्या वेळी सुमारे पंधरा हजार माणसे राहत होती. पुढच्या दीड-दोन दशकांत वस्ती जवळजवळ रिकामी झाली. १९९३ साली याच वस्तीला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरले. चाळीस वर्षांपूर्वी जी जागा राहण्यास नालायक ठरली, ती मानवजातीचा ठेवा कशी ठरली? दोन्ही निकाल एकाच दगडाबद्दल दिलेले आहेत. म्हणून आधी तो दगड पाहावा लागतो.

दगड आणि दरी

मातेराच्या पूर्वेला ग्राव्हिना नावाच्या ओढ्याने चुनखडीच्या पठारात खोल घळ कोरली आहे. पलीकडे मुर्जा पठार, तिथे नवाश्मयुगीन वस्त्यांभोवतीचे खंदक सापडले आहेत. दोमेनिको रिदोला या मातेराच्याच डॉक्टरने उत्खननात गोळा केलेल्या वस्तूंतून १९११ साली तिथले संग्रहालय उभे राहिले. अलीकडे घळीच्या काठावर चिव्हिता ही उंच सोंड. तिच्यावर तेराव्या शतकातले कॅथेड्रल आहे आणि दोन बाजूंच्या खळग्यांत सास्सो बारिसानो व सास्सो काव्हेओसो या दोन वस्त्या उतरत जातात.

इथला वरचा खडक मऊ, पिवळसर चुनखडीचा. साध्या कुदळीने तो निघतो आणि हवेत राहिल्यावर कणखर होतो. कोरीव वास्तू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेरूळ येते. पण तिथला बसाल्ट छिन्नीला कडवा विरोध करतो आणि कोरून काढलेला खडक हा टाकाऊ भाग असतो. मातेरात उलटा हिशेब आहे. आत खोली कोरायची, निघालेल्या दगडाचे चिरे पाडायचे आणि त्यांनीच गुहेच्या तोंडाशी कमानदार छताची पुढची खोली बांधायची. त्यामुळे समोरून दिसते ते गवंड्याचे काम आणि मागे असते ते खोदणाऱ्याचे. खालच्या घराचे छप्पर वरच्या घराचे अंगण होते, कधी रस्ताही. डोंगरात कोरलेली दीडशेच्या आसपास चर्चे या परिसरात आहेत. त्यांपैकी एका गुहेतली भित्तिचित्रे आठव्या-नवव्या शतकातली मानली जातात.

‘नऊ हजार वर्षे लोक ज्या गुहांत राहत आले त्याच या गुहा’ असे पर्यटकांना सांगितले जाते, ते मला पटत नाही. परिसरात माणसाचा वावर तितका जुना आहे, हे खरे. पण आज आपण पाहतो ते शहर मुख्यतः मध्ययुगात आणि त्यानंतर रचले गेले. त्याची रचना निवाऱ्यापेक्षा पाण्याच्या गरजेतून समजते.

छपरावरून टाक्यात

ग्राव्हिना खोल घळीतून वाहते. तिचे पाणी वर आणणे अशक्यप्राय. पाऊस बेताचा आणि तोही काही महिन्यांपुरता. म्हणून मातेराने आकाशातले पाणी साठवले. छपरांवरचे पाणी पन्हळींतून आणि भाजलेल्या मातीच्या नळ्यांतून घराखालच्या टाक्यात जाई. टाके घंटेच्या आकाराचे, वर अरुंद आणि खाली रुंद. आतून चुना आणि भाजलेल्या मातीचा चुरा यांचा गिलावा. आपल्याकडचे जुने गवंडी ज्याला सुरखीचुना म्हणतील तोच प्रकार. अनेक घरांच्या मध्ये एक अंगण, त्या अंगणात सामाईक विहीर. या शेजाराला तिथे ‘विचिनातो’ म्हणतात. पाणी, भांडणे, लेकरे आणि बातम्या साऱ्या याच अंगणात वाटल्या जात. भाकरीचा पाव मात्र सार्वजनिक भट्टीत भाजायचा. आपला पाव ओळखू यावा म्हणून प्रत्येक कुटुंबाचा कोरीव लाकडी शिक्का असे.

या व्यवस्थेचा कळस आजच्या व्हित्तोरिओ व्हेनेतो चौकाखाली आहे. ‘पालोंबारो लुंगो’ नावाचे हे टाके सोळाव्या शतकापासून वाढवत नेलेले, पंधरा मीटरांहून खोल, सुमारे पन्नास लाख लिटर पाणी मावेल एवढे. विसाव्या शतकात नळाचे पाणी आले आणि टाके विसरले गेले. १९९१ साली चौकाच्या कामात ते पुन्हा सापडले. दोन्ही वस्त्यांमधून सांडपाणी व पावसाचे पाणी वाहून नेणारे दोन मोठे नालेही होते. १९३० च्या दशकात त्यांच्यावर छत घालून रस्ते केले गेले.

दैन्य केव्हा आले?

मग ही शहाणी वस्ती नरक कशी झाली? माझ्या वाचनातून जे हाती लागले ते असे. मातेरा १६६३ पासून बाझिलिकाताची राजधानी होते. सरदार, धर्मपीठे, न्यायालये यांनी शहर भरले. श्रीमंतांनी वरच्या सपाटीवर वाडे बांधले, सास्सी कष्टकऱ्यांकडे राहिल्या. १८०६ साली जोसेफ बोनापार्टच्या राजवटीत राजधानी पोतेन्झाला गेली. एकोणिसाव्या शतकात चर्चच्या आणि सामाईक जमिनी मोजक्या धनिकांच्या हाती गेल्या. कुरणे सरली, मेंढपाळी मोडली आणि तोंडे मात्र वाढत गेली. नवे घर बांधायला पैसा नाही, म्हणून जे होते त्यातच माणसे शिरली. दारूचे कोठार, गोठा, पाण्याचे टाके, क्वचित जुने चर्चसुद्धा घर झाले. टाके घर झाले की कुटुंबाला जागा मिळते, पण शेजाराचे पाणी जाते. खेचर हे कुटुंबाचे एकमेव भांडवल; ते आतल्या टोकाला बांधलेले आणि त्याच खोलीत सगळ्यांच्या पथाऱ्या. म्हणजे गुहा हा रोग नव्हता. गर्दी आणि भूमिहीनता हा रोग होता. गुहेने त्याला फक्त जागा दिली.

फॅसिस्ट सरकारने १९३५ साली तुरिनच्या कार्लो लेव्हीला या भागात नजरकैदेत पाठवले. तो शिक्षणाने डॉक्टर आणि वृत्तीने चित्रकार. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘क्रिस्तो सि ए फेर्मातो आ एबोली’ या पुस्तकात मातेराचे वर्णन येते ते त्याची बहीण लुईसा हिच्या तोंडून. तीही डॉक्टर, भावासाठी स्टेथोस्कोप शोधत ती या वस्तीतून हिंडली आणि तिला दिसली खुपऱ्यांनी डोळे गेलेली, हिवतापाने सुजलेल्या पोटांची मुले, खाऊ नव्हे तर क्विनीन मागणारी. हे वाचून इटली हादरली. १९४८ मध्ये कम्युनिस्ट नेते तोल्याती आले, १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी. ‘राष्ट्रीय लाज’ हा शब्द मातेराला चिकटला आणि दोन वर्षांत कायदा आला.

नवी घरे, जुना शेजार

स्थलांतर निव्वळ पोलिसी खाक्याने झाले नाही, हे नोंदवले पाहिजे. टाइपरायटरवाले उद्योगपती आद्रियानो ओलिव्हेत्ती यांच्या पुढाकाराने अभ्यासमंडळ नेमले गेले. त्यात फ्रीडरिक फ्रीडमन हे तत्त्वज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ आणि डॉक्टर होते. वास्तुविशारद लुदोविको क्वारोनी यांच्या चमूने शहरापासून काही किलोमीटरवर ला मार्तेल्ला हे नवे गाव आखले. शेतकरी शेताजवळ राहावा, प्रत्येक घराला गोठा असावा आणि घरे अशी जुळवावीत की विचिनातो टिकावा, हा विचार होता. १९५३ साली पहिली कुटुंबे तिथे गेली. पण बहुतेक लोकांच्या वाट्याला शहराच्या कडेच्या सेर्रा व्हेनेर्दी, लानेरा, स्पिने ब्यांके अशा वसाहती आल्या. तिथे नळ होता, संडास होता, उजेड होता. मुले जगू लागली. ज्यांनी ओल्या भिंतीशी मुले पुरली त्यांच्यापुढे अंगणाच्या आठवणींचे कौतुक करणे मला शोभत नाही. तरी हेही खरे की अंगण, विहीर आणि भट्टी एकाच वेळी गेली आणि माणसे कुणालाही न विचारता एकमेकांच्या घरात जायची थांबली.

रिकाम्या सास्सींची मालकी मुख्यतः सरकारकडे गेली. तिथली शांतता पाझोलिनीने १९६४ सालच्या आपल्या ख्रिस्तपटासाठी वापरली. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ला स्कालेत्ता’ या मंडळातल्या स्थानिक तरुणांनी डोंगरातली चर्चे एकेक करून शोधली, मोजली, नोंदवली. विद्यापीठांच्या आधी त्यांनी हे केले, याचे मला विशेष अप्रूप आहे. १९८६ च्या ७७१ क्रमांकाच्या कायद्याने वस्तीच्या दुरुस्तीला पैसा मिळाला आणि माणसे परत येऊ लागली. आता तिथल्या अनेक गुहा हॉटेले आहेत.

‘लाज’ आणि ‘वारसा’ हे दोन्ही शब्द मातेराला बाहेरच्यांनी दिले. पहिल्याने दैन्य पाहिले पण पाणी साठवणारी बुद्धी पाहिली नाही. दुसऱ्याने बुद्धी पाहिली, पण ती वाहणारी माणसे तोवर तिथे नव्हती. जुनी वस्ती पाडावी की राखावी, हा वाद कुठेही उठला की आपण भिंतींकडे पाहतो. मातेरा आधी दुसराच प्रश्न विचारायला लावते : इथली जमीन कुणाकडे गेली, आणि टाक्यात राहण्याची वेळ माणसांवर का आली?