स्वतःच्या सर्व्हरवरील फाइल व फ्लॅशकार्ड समक्रमण

एकाच व्यक्तीच्या संगणक, लॅपटॉप, भ्रमणध्वनी, टॅब्लेट अशा निरनिराळ्या उपकरणांवरील विदा एखाद्या कंपनीच्या मेघसेवेकडे न सोपवता, स्वतःच्या ताब्यातील यंत्रणेमार्फत एकसारखा ठेवण्याच्या पद्धतीला स्वतःच्या सर्व्हरवरील समक्रमण असे म्हणतात. समक्रमण म्हणजे बोलीभाषेत ‘सिंक’ करणे. सर्व्हर म्हणून घरातील जुना संगणक, रास्पबेरी पायसारखा लहान संगणक किंवा भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर वापरला जातो. काही प्रणालींत मध्यवर्ती सर्व्हर नसतोच; उपकरणे परस्परांशी थेट जोडली जातात.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत समक्रमणाचा विषय दोन प्रकारच्या विद्याशी येतो. पहिला प्रकार टिपणे, छायाचित्रे, पीडीएफ यांसारख्या सुट्या फाइलींचा आणि दुसरा आंकीसारख्या प्रणालीतील फ्लॅशकार्डांचा. हे दोन्ही प्रकार वरकरणी सारखे वाटले तरी त्यांच्या समक्रमणाची तत्त्वे वेगळी आहेत. एकासाठीचे साधन दुसऱ्यासाठी वापरल्यास अनेक महिन्यांच्या अभ्यासाची नोंद नष्ट होऊ शकते.

## इतिहास

जोडणी तुटलेली असतानाही काम चालू ठेवणे आणि जोडणी परत आल्यावर बदलांचा मेळ घालणे, ही समक्रमणाची मूळ समस्या आहे. तिच्यावरील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांत कोडा या फाइल प्रणालीचा समावेश होतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून विकसित झालेल्या या प्रकल्पाचे नेतृत्व आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी महादेव सत्यनारायणन यांनी केले.

१९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी आरसिंक ही आज्ञावली प्रसिद्ध केली. संपूर्ण फाइल न पाठवता तिचा केवळ बदललेला भाग पाठवण्याची तिची रीत पुढे अनेक साधनांनी स्वीकारली. ड्रॉपबॉक्स ही सेवा २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि समक्रमण सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचले. तिला मुक्त स्रोत पर्याय म्हणून फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये ओनक्लाउड हा प्रकल्प जाहीर केला. २०१६ मध्ये त्यातूनच नेक्स्टक्लाउड वेगळा झाला. डिसेंबर २०१३ मध्ये याकोब बोर्ग यांनी सिंकथिंगची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली.

मेघसेवा कायम चालू राहतीलच असे नाही, याचा अनुभवही याच काळात आला. कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू वन ही फाइलसेवा १ जून २०१४ रोजी बंद केली. वापरकर्त्यांना आपला विदा उतरवून घेण्यासाठी ३१ जुलैपर्यंतची मुदत देण्यात आली होती.

## फाइलींचे समक्रमण

फाइल समक्रमणाच्या साधनांचे रचनेनुसार दोन मुख्य प्रकार पडतात.

* मध्यवर्ती सर्व्हर असलेली साधने: नेक्स्टक्लाउड, ओनक्लाउड आणि सीफाइल ही या प्रकारची उदाहरणे आहेत. सर्व उपकरणे एका सर्व्हरशी बोलतात. फाइली ब्राउझरमधून पाहता येतात आणि दुव्याद्वारे इतरांना देता येतात. सर्व्हर सतत चालू ठेवावा लागतो आणि त्याची वेळोवेळी देखभाल करावी लागते.
* थेट उपकरणांमधील साधने: सिंकथिंग हे याचे प्रमुख उदाहरण आहे. येथे खाते किंवा परवलीचा शब्द नसतो. प्रत्येक उपकरणाला स्वतःच्या प्रमाणपत्रावरून काढलेला दीर्घ ओळखक्रमांक असतो आणि दोन्ही बाजूंनी मान्यता दिल्यावरच जोडणी होते. दोन उपकरणे एकाच वेळी चालू असतील तरच त्यांच्यात देवाणघेवाण होते. त्यामुळे एखादे उपकरण सतत चालू ठेवणे सोयीचे ठरते.

सिंकथिंग प्रत्येक फाइलचे १२८ किबिबाइट ते १६ मेबिबाइट आकाराचे खंड पाडते आणि प्रत्येक खंडाचे गणिती ठसे काढते. दुसऱ्या उपकरणावरील ठशांशी तुलना करून फक्त वेगळे आढळलेले खंड पाठवले जातात. एकाच वाय-फायवरील उपकरणे परस्परांना इंटरनेटविना शोधू शकतात. बाहेरून थेट जोडणी शक्य नसल्यास विदा मध्यस्थ सर्व्हरमार्फत जातो. मात्र तो दोन्ही टोकांना कूटबद्ध असल्याने मध्यस्थाला वाचता येत नाही. सिंकथिंगचे अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. त्यानंतर अँड्रॉइडवर स्वयंसेवकांनी चालवलेली त्याची स्वतंत्र शाखा वापरली जाते.

### विसंगती

एकच फाइल दोन उपकरणांवर स्वतंत्रपणे बदलली गेल्यास विसंगती निर्माण होते. दोन बदलांपैकी कोणता खरा, हे फाइल समक्रमण करणारे साधन ठरवू शकत नाही, कारण त्याला फाइलच्या आशयाचा अर्थ कळत नाही. सिंकथिंग अशा वेळी नंतर बदललेली प्रत मूळ नावाने ठेवते आणि आधीच्या प्रतीच्या नावाला विसंगतीची खूण, दिनांक व वेळ जोडते. दोन्ही प्रती वाचून मेळ घालण्याचे काम वापरकर्त्याकडे राहते.

## फ्लॅशकार्डांचे समक्रमण

डेमियन एल्म्स यांनी तयार केलेली आंकी ही प्रणाली २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘पाठांतर’ या अर्थाच्या जपानी शब्दावरून घेतले आहे. विसरण्याच्या बेतात असलेली माहिती वाढत्या अंतराने पुन्हा समोर आणणे, हे तिचे तत्त्व आहे. कार्ड पुन्हा कधी दाखवायचे याचे गणित आरंभी पिओत्र वोझ्नियाक यांच्या १९८७ च्या पद्धतीवर आधारलेले होते. २०२३ पासून एफएसआरएस ही नवी पद्धतही उपलब्ध आहे.

आंकीत कार्डांच्या मजकुराइतकेच महत्त्व उजळणीच्या इतिहासाला असते. कोणते कार्ड कधी पाहिले आणि उत्तर आले की नाही, यावरच पुढील वेळापत्रक ठरते. मजकूर पुस्तकावरून पुन्हा लिहिता येतो. उजळणीचा इतिहास पुन्हा निर्माण करता येत नाही.

हा सर्व विदा एसक्यूलाइट स्वरूपाच्या एकाच विदागारात साठवलेला असतो. आंकी चालू असताना या विदागारात सतत लेखन होत असते. त्याची फाइल सिंकथिंग किंवा मेघसेवेच्या समक्रमित फोल्डरमध्ये ठेवल्यास अर्धवट लिहिलेली प्रत दुसऱ्या उपकरणावर जाऊ शकते आणि संपूर्ण संग्रह बिघडू शकतो. म्हणूनच आंकीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत असे न करण्याची सूचना आहे.

आंकीची स्वतःची समक्रमण पद्धत फाइलीऐवजी नोंदींच्या पातळीवर चालते. एकच कार्ड दोन उपकरणांवर तपासले गेल्यास दोन्ही उजळण्यांची नोंद इतिहासात राहते आणि कार्ड सर्वांत अलीकडच्या उत्तरानंतरच्या स्थितीत ठेवले जाते. कार्डप्रकारात नवे क्षेत्र जोडणे यांसारखे रचनेतील बदल मात्र असे एकत्र करता येत नाहीत. त्या वेळी एका बाजूचा संपूर्ण संग्रह निवडावा लागतो आणि दुसऱ्या बाजूचे न पाठवलेले बदल पुसले जातात. ही निवड घाईने केल्यास नुकसान होते.

नेहमीचे समक्रमण आंकीवेब या विनामूल्य सेवेमार्फत होते. २.१.५७ या आवृत्तीपासून समक्रमण सर्व्हर आंकीच्या संगणकीय आवृत्तीतच समाविष्ट आहे. तो चालवताना वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द आणि साठवणीची जागा ठरवून द्यावी लागते. त्यानंतर संगणकावरील आंकी, आंकीड्रॉइड व आयफोनवरील आंकीमोबाइल यांच्या मांडणीत त्या सर्व्हरचा पत्ता भरता येतो. हा सर्व्हर स्वतः कूटबद्ध जोडणी पुरवत नाही. घराबाहेरून वापरण्यासाठी त्याच्यापुढे कूटबद्धता देणारा मध्यस्थ सर्व्हर किंवा व्हीपीएन असणे आवश्यक असते.

## देवनागरी फाइलनावे

मराठीत नावे दिलेल्या फाइलींच्या समक्रमणात दोन विशेष अडचणी येतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेताने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. दोन्ही रूपे दिसायला सारखी असली तरी संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न असू शकतात. मॅक संगणकांवरील जुनी फाइल प्रणाली विभक्त रूप साठवत असे, तर इतरत्र बहुधा संयुक्त रूप वापरले जाते. त्यामुळे ‘दुसऱ्या सत्राची टिपणे’ या नावाच्या दोन फाइली शेजारी दिसू शकतात. सिंकथिंगमध्ये अशी नावे एकरूप करण्याची सोय आहे.

दुसरी अडचण लांबीची आहे. लिनक्सवरील प्रचलित फाइल प्रणालींत नावाची मर्यादा २५५ बाइट असते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, म्हणून काना, मात्रा व हलन्त धरून जास्तीत जास्त ८५ चिन्हे मावतात.

## भारतातील परिस्थिती

भारतातील अनेक मोबाइल व ब्रॉडबँड जोडण्यांत एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. अशा जोडणीवर घरातील सर्व्हरपर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही. राउटरला मिळालेला बाहेरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातील असल्यास ही व्यवस्था लागू असल्याचे ओळखता येते. त्यावर आयपीव्ही६, वायरगार्डवर आधारित व्हीपीएन किंवा सिंकथिंगचे मध्यस्थ सर्व्हर हे उपाय आहेत. केवळ घरच्या वाय-फायवर समक्रमण करणाऱ्यास यांपैकी कशाचीच गरज नसते.

वीज अचानक गेल्यास मेमरी कार्डावरील विदा बिघडू शकतो. त्यामुळे सर्व्हर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर ठेवला जातो आणि मेमरी कार्डाऐवजी एसएसडी वापरली जाते. उष्णतेचाही विचार करावा लागतो. रास्पबेरी पायचा प्रक्रियक सुमारे ८० अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर आपला वेग कमी करू लागतो. नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी कमाल तापमान ४७.९ अंश सेल्सिअस नोंदवले गेले होते. विदर्भातील अशा उन्हाळ्यात बंद कपाटातील किंवा गच्चीखालच्या खोलीतील सर्व्हरला पंखा आणि खेळती हवा आवश्यक ठरते.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हा व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या विद्याला लागू होत नाही. विद्यार्थ्यांसाठी सर्व्हर चालवणाऱ्या संस्थेला ही सूट मिळत नाही.

## राखीव प्रती आणि मर्यादा

समक्रमण म्हणजे राखीव प्रत नव्हे. एका उपकरणावर चुकून पुसलेली फाइल समक्रमणामुळे सर्व उपकरणांवरून पुसली जाते. म्हणून विद्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, असा नियम सुचवला जातो. बोर्ग व रेस्टिक ही त्यासाठीची मुक्त साधने आहेत. आंकी ठरावीक काळाने संग्रहाची राखीव प्रत आपोआप करते. परंतु तिच्यात चित्रे व ध्वनिफिती नसतात. त्यांसह संपूर्ण संग्रह स्वतंत्रपणे निर्यात करावा लागतो.

स्वतःच्या सर्व्हरमुळे विद्यावरील ताबा वापरकर्त्याकडे येतो, तशीच सुरक्षा अद्यतने, बिघाड व प्रतींची जबाबदारीही त्याच्यावर येते. परीक्षेच्या काळात यंत्रणा बंद पडल्यास ती दुरुस्त करणारा दुसरा कोणी नसतो. त्यामुळे आंकीची आवृत्ती बदलणे, सर्व्हर हलवणे यांसारखी कामे करण्यापूर्वी संग्रहाची प्रत काढून ती दुसऱ्या उपकरणावर प्रत्यक्ष उघडून पाहणे हिताचे असते.

## हेही पहा

* मुक्त स्रोत आज्ञावली
* मेघ संगणन
* युनिकोड
* रास्पबेरी पाय