दोन बोटांवरचा तोल

गेल्या पावसाळ्यात नातवाने आणि मी मिळून रेडिओवर चालणारे कसरतीचे विमान जुळवले, आणि पहिल्याच दिवशी मी ते जमिनीवर आपटले. दोष माझाच. सोय म्हणून बॅटरी मागे सरकवली होती. शेपूट जड झाले आणि विमान हाती राहिले नाही. मोडका पंख पोटाशी धरून नातवाने विचारले, “आजोबा, विमानाला तोल पहिल्यांदा शिकवला कोणी?”

त्या प्रश्नाने मला १८७१ सालच्या पॅरिसला नेले. १८ ऑगस्टला त्विलरी बागेत आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे चिमुकले विमान सोडले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. त्याने गुरुत्वमध्य पुढे ठेवला होता आणि मागच्या लहान पंखाला उलटा कल दिला होता. नाक खाली गेले की वेग वाढे, वेगाने शेपूट दाबले जाई आणि नाक आपोआप वर येई. १८७६ मध्ये त्याने माणसे नेणाऱ्या विमानाचे पेटंट घेतले. पण ते बांधायला पैसा मिळाला नाही. १८८० मध्ये, अवघ्या तिशीत, त्याने आत्महत्या केली. यंत्राचा तोल साधला, मनाचा साधला नाही, असे म्हणणे सोपे आहे. मला वाटते, त्याला सावरायला कोणाचा हात नव्हता.

१८७८ मध्ये राइट बंधूंना वडिलांनी एक उडते खेळणे आणून दिले. ते पेनोच्याच धर्तीचे. पण मोठेपणी त्या भावांनी पेनोची वाट सोडली. विमान स्वतःहून स्थिर नसले तरी चालेल, चालकाने ते क्षणोक्षणी सावरावे, असे त्यांनी मानले. १९०३ मधले त्यांचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते. १९३७ मध्ये मिशिगनच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी आपले ‘गफ’ विमान रेडिओने उडवले, आणि चालकाचा हात जमिनीवर उतरला.

कसरतीच्या विमानाला सुलटे-उलटे सारखेच उडायचे असते. तेव्हा पेनोचा आपोआप सावरणारा गुण फार झाला तर आड येतो, अगदी नाहीसा झाला तर घात करतो. म्हणून पंखाखाली दोन बोटे धरून गुरुत्वमध्य पाहायचा, हलक्या पंखाच्या टोकाला शिसे लावायचे, आणि खरा निवाडा आकाशात करायचा. उलटे उडताना नाक फार खाली झुकले तर बॅटरी किंचित मागे. आपणहून वर चढू लागले तर पुढे.

दुसऱ्या खेपेला आम्ही बॅटरी पुढे घेतली. विमान उलटे केले. नाक जरासे झुकले, एवढेच. मी ट्रान्समीटर नातवाच्या हाती दिला. माझा हात मात्र त्याच्या हाताजवळच राहिला.